दुखणं हटत नाही, प्रार्थना टिकत नाही. मग माझा उपयोग काय?

ताई, तुमचा प्रश्न मी सावकाश वाचला. तो आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही पाहता येईल. बऱ्याच वर्षांपासून तुम्हाला रुमॅटॉइड संधिवात आहे आणि जोडीला झोपूनही न जाणारा थकवा. संडे स्कूलमध्ये शिकवणं सुटलं, गायनमंडळ सुटलं, आता रविवारच्या उपासनेलाही दर वेळी जाणं होत नाही. मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसं भेटायला येतात तेव्हा म्हणतात, ‘देवाने तुला प्रार्थनेसाठी राखून ठेवलंय.’ पण प्रार्थनेला बसलं की पाच मिनिटांत मन भरकटतं, सांधे ठणकायला लागतात, देवाचा राग येतो आणि मग त्या रागाचीच लाज वाटते. तुम्ही विचारता: प्रार्थना हाच आता माझ्या जगण्याचा हेतू आहे, की लोक नुसती समजूत घालताहेत? आणि प्रार्थनाही धड होत नसेल तर मी कोणत्या कामाची? शिवाय, मंडळीला काय सांगायचं?

मी पाळक आहे. माझी बहुतेक सेवा रुग्णालयातल्या खाटांशेजारी आणि घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसांजवळ झाली आहे. ज्यांचा आजार पूर्ण बरा होणारा नाही, पण लगेच जिवावर बेतणाराही नाही, अशा माणसांच्या सोबतीत प्रार्थनेबद्दल जे उमगलं त्यातून हे लिहितोय.

तुमची अडचण प्रार्थनेची आहे असं तुम्हाला वाटतंय. मला ती मोजमापाची वाटते. पूर्वी तुम्ही स्वतःला कामावरून जोखत होता: किती मुलं शिकवली, किती रविवार गायलात. आजाराने ती कामं काढून घेतली, पण जोखायची सवय तशीच राहिली. आता त्या कामांच्या जागी प्रार्थना येऊन बसली आहे आणि तिचीही हजेरी लागते: किती मिनिटं, किती एकाग्रतेने, किती जणांसाठी. दुखऱ्या शरीराला या हजेरीत कधीच पुरं पडता येणार नाही. म्हणून ‘अजून थोडा नेट लावा’ असं मी म्हणणार नाही. आजारी माणसाच्या प्रार्थनेला हेतू असतो, आणि तो समजुतीपुरता नसतो. पण आधी येतं ते देवापुढे आहे तसं असणं. दुसऱ्यांसाठी मागणं त्यातून निघतं. हा क्रम उलटा झाला की प्रार्थनेचं ओझं होतं.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य करूनच पुढे जातो. ज्याच्या आजारात चढउतार असतात त्याची गोष्ट वेगळी, ज्याचा आजार दर वर्षी थोडा थोडा पुढे सरकतो त्याची वेगळी. वेदनेत प्रार्थना करणं एक, आणि औषधांनी डोकं जड झालेलं असताना करणं दुसरं. घरी आधार आहे की नाही, यानेही फार फरक पडतो. आणि परंपरेचाही प्रश्न आहे. कॅथलिक विश्वासात स्वतःचं दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडून अर्पण करण्याची जुनी, खोल रीत आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तसं बोलायला लोक कचरतात, कारण ख्रिस्ताचं अर्पण एकदाच आणि पूर्ण झालं यावर त्यांचा भर असतो. तुमची मंडळी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्हीकडच्या माणसाला धरता येईल तेवढंच सांगतो.

बायबलमधल्या ईयोबाच्या, म्हणजे सगळं गमावून आजारी पडलेल्या त्या नीतिमान माणसाच्या, पुस्तकाचा शेवट पुन्हा एकदा वाचा, अध्याय ४२. लोकांच्या लक्षात राहतो तो त्याला सगळं दुपटीने परत मिळाल्याचा भाग. त्याच्या आधीच्या ओळी मला जास्त मोलाच्या वाटतात. देव ईयोबाचा मित्र अलीफज याला सांगतो, की तुझा आणि तुझ्या दोघा मित्रांचा मला राग आला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. आता त्याच्याकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील. हे बोलणं चाललंय तेव्हा ईयोबाची दशा अजून पालटलेली नाही. तो बरा झाल्याचा उल्लेख तोवर कुठेही आलेला नाही. म्हणजे धडधाकट, विद्वान मित्र एका आजारी माणसाच्या प्रार्थनेवर अवलंबून राहतात, आणि तो आजारी असतानाच.

पण त्याआधीचे अध्याय विसरून हा प्रसंग वाचू नये. ईयोबाने तिथवर येईपर्यंत काय काय म्हटलं होतं? जन्मदिवसाला शाप दिला. देवाला न्यायालयात खेचायची भाषा केली. मला एकटं सोड, थुंकी गिळायलाही तू मला उसंत देत नाहीस, असं तोंडावर सुनावलं. आणि देव म्हणतो, हा माझ्याविषयी यथार्थ बोलला. मित्रांनी देवाची बाजू नीटनेटकी मांडली होती. ती देवालाच रुचली नाही. ईयोब देवाविषयी कमी आणि देवाशी जास्त बोलत होता, हा त्यांच्यातला फरक मला दिसतो. ताई, तुमच्या रागात लाज वाटण्यासारखं काही नाही. राग देवापुढे निघतोय याचाच अर्थ बोलणं चालू आहे.

इथे एक सावधगिरी. ईयोबाने मित्रांसाठी प्रार्थना केली तेव्हा त्याची दशा पालटली, असं त्यात लिहिलंय. त्यावरून ‘तू दुसऱ्यांसाठी प्रार्थना कर, म्हणजे तू बरी होशील’ असं सांगणारे भेटतात. तो सौदा शास्त्रात नाही. प्रेषित पौलाने कितीजणांसाठी प्रार्थना केली असेल, तरी ज्या त्रासाला तो ‘शरीरातला काटा’ म्हणतो तो गेला नाही. त्याला उत्तर मिळालं ते एवढंच: ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’

आता प्रभू येशूकडे पाहू, कारण वेदनेत प्रार्थना कशी असते हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं कोणी दाखवलेलं नाही. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत तो ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ असं मागतो, आणि मत्तय लिहितो की तिसऱ्यांदा गेला तेव्हाही त्याने तेच शब्द पुन्हा म्हटले. नवे, सुंदर शब्द नाहीत, तेच. वधस्तंभावरच्या त्याच्या प्रार्थना तर एकेका वाक्याच्या आहेत. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर.’ ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो.’ यातलं दुसरं वाक्य स्तोत्र २२ मधलं आणि तिसरं स्तोत्र ३१ मधलं. असह्य वेदनेत देवाच्या पुत्राने पाठ असलेल्या स्तोत्रातल्या ओळी घेतल्या. मग तुम्हाला पाच मिनिटांनंतर स्वतःचे शब्द सुचत नाहीत यात कमीपणा कसला?

त्या तीन वाक्यांत आजारी माणसाच्या प्रार्थनेला लागणारं जवळजवळ सगळं आहे. एक आक्रोश, एक सोपवणं, एक दुसऱ्यासाठी मागणं. तिन्ही रोज व्हायला हवीत असं नाही. एखाद्या दिवशी फक्त आक्रोश होईल. तेवढीच त्या दिवसाची पूर्ण प्रार्थना.

आक्रोशावर जरा थांबतो, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये त्याला जागा फार कमी मिळते. साक्ष द्यायची तर शेवट गोड असलाच पाहिजे, असा अलिखित नियम होऊन बसलाय. स्तोत्रसंहिता तसं वागत नाही. दीडशे स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत. स्तोत्र १३ च्या पहिल्या दोन ओळींतच ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. आणि स्तोत्र ८८ तर काळोखाच्या उल्लेखावरच संपतं, त्यात शेवटी उजाडत नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि शतकानुशतकं मंडळीने ते प्रार्थना म्हणून म्हटलेलं आहे. माझ्या अनुभवात, ज्यांनी विलाप आतल्या आत दाबला त्यांची प्रार्थना हळूहळू औपचारिक होत गेली आणि मग थांबली. जे रडले, भांडले, ‘का?’ म्हणून विचारत राहिले, ते टिकले. म्हणून माझं सांगणं असं, की काही आठवडे फक्त स्तोत्र १३, ७७ आणि ८८ ही तीनच घ्या. एका बैठकीत एकाच स्तोत्राच्या तीन-चार ओळी मोठ्याने वाचा. वाचताना स्वतःचं दुखणं त्या ओळींत नाव घेऊन सांगा: हा मनगटाचा सांधा, ही आजची रात्र, ही चुकलेली उपासना. बस्स. शेवट गोड करायच्या फंदात पडू नका.

आता वेळेबद्दल. पहाटे उठून देवाबरोबर एकांत वेळ घालवायचा हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि निरोगी माणसाला ते चांगलंच आहे. पण रुमॅटॉइड संधिवातात सकाळचा ताठरपणा हे आजाराचं मुख्य लक्षण आहे. आजार जोरात असला की तो तासाहून जास्त टिकतो. नेमक्या त्या तासात तुम्ही प्रार्थनेची सगळ्यात कठीण अपेक्षा ठेवून बसता आणि अपयश आलं की आत्मिक जीवनाला दोष देता. थकवाही तुमच्या आळसाचा नाही, तो या आजाराचाच भाग आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे या आजारावरचं औषध घेत असाल, तर पुढचा दिवस मळमळीत आणि गळून गेल्यासारखा जातो असं अनेक रुग्ण सांगतात. तुमच्या आठवड्यात असे दिवस कोणते, ते वहीत टिपून पाहा. सांधे त्यातल्या त्यात मोकळे असतात ते तास शोधा, मग ती दुपारची तीनची वेळ का असेना, आणि प्रार्थना तिथे न्या. वाईट दिवसांची प्रार्थना मात्र आधीच ठरवून ठेवा, कारण त्या दिवशी ठरवण्याचीही ताकद नसते. एकच ओळ पुरते. श्वास घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’. किंवा ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो’. डोळे मिटायची, गुडघे टेकायची गरज नाही. अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे हात जड झाले, तेव्हा त्याला बसायला दगड आणून दिला आणि अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवले. ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं त्याला कोणी म्हटलं नाही.

मन भरकटण्याबद्दल तुम्ही खास विचारलंय. ते जिथे जातं तिकडेच प्रार्थना वळवा, असं मी रुग्णांना सांगतो. मन मुलीच्या परीक्षेकडे गेलं? मग ‘प्रभू, तिला सांभाळ.’ औषधांच्या खर्चाकडे गेलं? ‘प्रभू, हे कसं भागायचं ते तू पाहा.’ दुखऱ्या गुडघ्याकडे गेलं? ‘इथे, प्रभू, इथे.’ मनाला ओढून परत आणण्यात जी शक्ती जाते ती तुमच्याजवळ शिल्लक नाही, आणि त्याची गरजही नाही. पौल रोमकरांना लिहितो की आपण कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. कण्हणं तुम्हाला रोज ठाऊक आहे. त्या कण्हण्यात तुम्ही एकट्या नसता, असं हे वचन सांगतं.

इथवर आलो ते देवापुढे असण्याबद्दल. आता दुसऱ्यांसाठी मागण्याबद्दल, कारण तुमचा ‘मी कोणत्या कामाची?’ हा प्रश्न खरं तर तिथे अडकलाय.

एका माणसाबद्दल सांगतो. त्यांची ओळख पटेल असं काही सांगणार नाही. त्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालायचं, प्रत्येक वेळी चार तास. सुरुवातीला ते हातात मोठी प्रार्थनायादी घेऊन यायचे आणि पहिल्या तासातच कागद छातीवर पडून राहायचा, कारण रक्तदाब उतरला की शब्दच फुटत नसत. नंतर त्यांनी यादी सोडली. सुया टोचून झाल्या, यंत्र सुरू झालं, की पहिल्या काही मिनिटांत ते फक्त डावीकडच्या आणि उजवीकडच्या खुर्चीकडे बघत. उजवीकडचा तरुण आज बोलत नाहीये. डावीकडच्या बाईंचा हात सुजलाय. तेवढं देवाला सांगत. पुढचे तास झोप, ग्लानी, पायात गोळे, जे काय असेल ते. निघताना मात्र त्या दोघांना एक प्रश्न नेमका विचारत: ‘मागच्या वेळी हात सुजला होता, आता कसा आहे?’ तो प्रश्न ऐकून माणसाचा चेहरा कसा बदलतो ते मी जवळून पाहिलंय. आपल्याकडे कोणीतरी लक्ष देऊन पाहिलं, हे त्यांना कळायचं. प्रार्थनेमुळे त्या गृहस्थांची नजर दुसऱ्यांकडे वळत होती आणि त्या नजरेतून प्रेम पुढे जात होतं. मध्यस्थी म्हणजे काय, ते मी त्या खोलीत पाहिलं.

यातून तुमच्यासाठी काय घेता येईल? एक, संख्या सोडा. एका वेळी एक माणूस, फार तर दोन. दुसरं, ‘अमक्याला आशीर्वाद दे’ असं ढोबळ मागण्यापेक्षा त्या माणसाला आज नेमकं काय लागतंय ते मागा, आणि ठाऊक नसेल तर त्यालाच विचारा. हा फोन किंवा दोन ओळींचा मेसेज हाही प्रार्थनेचाच भाग. तिसरं मला सगळ्यात जवळचं आहे: ज्यांना निरोगी माणसं विसरतात त्यांना धरा. रात्रपाळीची नर्स, रक्त घ्यायला येणारा मुलगा, दवाखान्याच्या बाकावर रिपोर्ट हातात घेऊन एकटी बसलेली बाई. त्यांची धास्ती मंडळीतल्या किती जणांना आतून माहीत असते? तुम्हाला आहे. पौल करिंथकरांना लिहितो की देव आपल्या संकटांत आपलं सांत्वन करतो, यासाठी की त्याच सांत्वनाने आपण दुसऱ्यांचं सांत्वन करावं. तुमच्या आजाराने तुम्हाला दिलेली ओळख त्या बाकापर्यंत पोचते.

म्हणजे देवाने यासाठीच तुम्हाला आजार दिला का? मी तसं म्हणत नाही, आणि कोणी म्हटलं तर ते तुम्ही मानलंच पाहिजे असंही नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने ती विचारसरणीच मोडून काढली आणि त्या माणसाच्या बाबतीत देवाचं कार्य कसं प्रकट होईल, याकडे बोट दाखवलं. आजार का आला याचं उत्तर मिळालं नाही तरी आजारातून देवाकडे आणि माणसांकडे जाणारी वाट बंद होत नाही. ‘का’ हा प्रश्न अनुत्तरित ठेवून वर्षानुवर्षं प्रार्थना करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा विश्वास उथळ नव्हता.

आता मंडळीच्या वाक्याकडे. ‘देवाने तुला प्रार्थनेसाठी राखून ठेवलंय’ हे म्हणणारे बहुधा प्रेमानेच म्हणतात. पण त्यात एक धोका आहे आणि तो मी अनेक घरांत पाहिलाय. आजारी माणसाला ‘प्रार्थनायोद्धा’ ही पदवी दिली जाते, हातात नावांची यादी दिली जाते, आणि मग येणं-जाणं कमी होतं. त्याला काम दिलं म्हणजे त्याची काळजी घेतली, असं सगळ्यांना वाटू लागतं. खरं तर याकोबाच्या पत्रात क्रम उलटा आहे: तुमच्यात कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी यावं, तेल लावावं, त्याच्यावर प्रार्थना करावी. यायचं मंडळीने आहे. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती आठवा. त्याला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उकललं, आणि येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला असं लिहिलंय. खाटेवरचा माणूस त्या प्रसंगात एक शब्दही बोलल्याची नोंद नाही. काही महिने तुम्ही खाटेवर राहा आणि चौघांना उचलू द्या, हेही विश्वासाचंच वागणं आहे.

बरं होण्याची प्रार्थना चालू ठेवायची का? जीव ओढ घेत असेल तर जरूर ठेवा. पौलाने तीनदा विनंती केली म्हणून तीनदाच करायची असा नियम नाही. आणि तीच विनंती पुन्हा पुन्हा करून मन पिळवटत असेल, तर ती दुसऱ्या कोणाकडे सोपवा. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी हे काम आपल्या बहिणीला दिलं होतं. ‘बरं होण्याचं तू माग, मी बाकीचं मागते,’ असं त्या तिला म्हणाल्या. त्यांच्या घरात त्यामुळे किती हायसं वाटलं होतं! मात्र एका बाबतीत मी कडक आहे. बरं होण्यासाठी भरवलेल्या प्रार्थनासभेत कोणी ‘औषध सोड, तेव्हाच विश्वास दिसेल’ असं म्हणालं, तर ऐकू नका. बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर जिवाला धोका होऊ शकतो, कारण शरीराने स्वतःचं हार्मोन बनवणं कमी केलेलं असतं. यशया हिज्कीया राजाला बरं होण्याचं वचन देतो आणि त्याबरोबरच अंजिराचं पोटीस बांधायला सांगतो. पौल तीमथ्याला त्याच्या पोटासाठी आणि वरचेवरच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. आणि त्रफिमाला तर तो मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवून येतो, त्याच्या विश्वासाबद्दल अवाक्षर न काढता.

आणखी एक, जे विचारलेलं नाही पण मला सांगितलंच पाहिजे. दीर्घ आजारात नैराश्य येणं फार सामान्य आहे, आणि ते बाहेरून अगदी आत्मिक कोरडेपणासारखं दिसतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण सगळ्यांना भार झालोय असं सारखं वाटत असेल, तर डॉक्टरांना सांगा. चालू औषधांपैकी एखाद्याचा मनावर परिणाम होतोय का, हेही विचारा. स्टेरॉइडने झोप आणि मनःस्थिती बिघडू शकते. आणि जीव द्यावा असा विचार येत असेल, तर तो आजच्या आज घरच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगायचा, रविवारची वाट पाहायची नाही. एलीयाने झुडपाखाली बसून मरण मागितलं, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. होरेबावरचं बोलणं त्यानंतर झालं.

कधी कधी अशा वेळी थोर माणसांची उदाहरणं दिली जातात. भारतात सेवा केलेल्या मिशनरी एमी कारमायकल यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तमिळनाडूतल्या दोहनावूर इथे काम करत असताना १९३१ मध्ये त्या पडल्या, आणि १९५१ मध्ये मृत्यू येईपर्यंतचा बहुतेक काळ त्यांनी आपल्या खोलीत काढला. तिथून त्यांनी पुष्कळ लिहिलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण असं उदाहरण तुमच्यापुढे ठेवून ‘बघ, तीही आजारीच होती’ असं कोणी म्हटलं, तर पुन्हा तेच मोजमाप हातात येतं. पार्किन्सन्सने बोलणं गेलेल्या एका आजींजवळ मी बसायचो. त्यांचे यजमान स्तोत्र वाचायचे आणि आजी ‘आमेन’च्या जागी त्यांच्या तळहातावर एक बोट दाबायच्या. कधी दोन ओळी उशिरा, कधी मध्येच. यजमान थांबायचे, त्या बोटाची वाट बघायचे, मग पुढची ओळ. त्या बोटाला मी पूर्ण प्रार्थना मानतो, आणि माझा विश्वास आहे की देवही मानतो.

राहता राहिला मंडळीला काय सांगायचं हा प्रश्न. गोल बोलू नका, आणि अपराध्यासारखंही बोलू नका. तुमच्या पाळकांना या धर्तीवर मेसेज लिहा, शब्द तुमच्या पद्धतीने बदला: ‘पाळकसाहेब, मला प्रार्थनेची सेवा मनापासून हवी आहे, पण माझी ताकद थोडी आहे. महिन्याला एक किंवा दोन नावं द्या आणि त्यांचं पुढे काय झालं ते मला कळवा. मोठी यादी मला झेपत नाही. काही दिवस मी काहीच करू शकणार नाही, तेव्हा माझ्या वतीने दुसऱ्या कोणी प्रार्थना करावी. आणि महिन्यातून एकदा कोणीतरी घरी येऊन माझ्यासाठी प्रार्थना करावी, शक्य तेव्हा प्रभुभोजनही द्यावं. दुपारी तीननंतर आलात तर मी बसू शकते.’ वेळ तुमच्या वहीतल्या नोंदींवरून घाला. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा. तेव्हाही हाललं नाही, तर मंडळीतल्या ज्या एका माणसावर तुमचा विश्वास आहे त्याला हाच मेसेज दाखवा आणि पाळकांशी बोलायला सांगा.